हँड्स-ऑन लॅब, सांगली: नेट नाही असं धरूनच उभारणी चाललीय (अपडेट)

मंडळी, जानेवारीतल्या कॉन्फरन्ससाठी जी लॅब उभी करतोय तिचं काम बऱ्यापैकी मार्गी लागलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. विश्रामबागेतल्या एका कॉलेजची लॅब मिळालीय, २४ पीसी, चौथ्या जनरेशनचे आय-थ्री, रॅम ४ जीबी, मॉनिटर सगळे चालू. विषय ठरलाय ईएसपी३२ वर (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) मातीतला ओलावा मोजायचा आणि तो आकडा वायफायवरनं समोरच्या मोठ्या पडद्यावर आणायचा. तासगावकडची द्राक्षबागवाल्यांची पोरं येणार, हळदवाल्यांची येणार, ज्यांच्या घरी ड्रिप आहे त्यांना हा विषय कशाला हवा हे समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मी पहिल्या मीटिंगपासून धरून बसलोय, हॉलमध्ये इंटरनेट नाहीच असं समजून सगळं बांधायचं. असलं तर चांगलंच, पण त्याच्यावर एकही स्टेप अवलंबून नको. आपण सगळ्यांनीच असे वर्कशॉप बघितलेत जिथं पहिला तास डाउनलोडमध्ये जातो, एकेकाला ३०० एमबी धरलं तरी २४ जणांचे ७ जीबी होतात आणि तेवढे एका लाईनवरनं एकाच वेळी ओढायचे म्हणजे झालंच, जतवरनं पहाटेची एसटी पकडून आलेलं पोरगं प्रोग्रेस बारकडं बघत बसतं. बसल्यापासून दहा मिनिटांत प्रत्येकाच्या बोर्डावरचा एलईडी ब्लिंक झाला पाहिजे, बाकीचं सगळं त्याच्या मागनं.

म्हणून पीसी सगळे नेटवर्कवरनं बूट करतोय, म्हणजे स्वतःच्या डिस्कऐवजी सर्व्हरवरनं सिस्टिम उचलून, एलटीएसपी नावाचं सॉफ्टवेअर वापरून. एक सर्व्हर, त्यावर उबंटू लिनक्स २२.०४ ची एक इमेज (अख्ख्या सिस्टिमची तयार प्रत), डीएनएसमास्क नावाचा प्रोग्रॅम आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) वाटतो आणि बूटची फाईलही तोच देतो, बाकीचे २४ पीसी तीच इमेज उचलतात. लॅबच्या सरांची एकच अट होती की आमच्या हार्डडिस्कला हात लावायचा नाही, परीक्षेचं सॉफ्टवेअर आहे त्यात. या पद्धतीत डिस्कला हात लागतच नाही, पीसीवर जे काय बदलतं ते रॅममध्ये राहतं आणि रीस्टार्ट केलं की मशीन पुन्हा कोरं. पोरांच्या फाईली सर्व्हरवरच्या होम फोल्डरमध्ये जातात त्यामुळं त्या टिकतात. सर खूश, आपण पण खूश.

यातली सगळ्यात चिवट अडचण सांगतो, कुणी असं काही करणार असेल तर उपयोगी पडेल. पीसी चालू केला की बरेच वेळा स्क्रीनवर 'पीएक्सई-ई५१' असा एरर यायचा, म्हणजे आयपी द्यायला कुणीच पुढं आलं नाही. सर्व्हरचा लॉग बघितला तर तिथं मागणीच पोचलेली नाही. पण तीच केबल लॅपटॉपला लावली की थोड्या वेळानं आयपी मिळतोय. त्या "थोड्या वेळानं" मध्येच सगळं होतं. लॅबचा स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) आहे आणि त्यात स्पॅनिंग ट्री (केबलींचं चक्र झालं तर ते तोडणारी सोय) चालू होतं, म्हणजे पोर्टला काहीही जोडलं की स्विच आधी १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद शिकतो आणि नंतर पोर्ट खुला करतो. लॅपटॉप पुन्हा पुन्हा विचारत राहतो म्हणून त्याला चालतं, पीसीचा बूट रॉम (नेटवर्कवरनं बूट करणारा छोटा प्रोग्रॅम) मात्र तेवढ्यात कंटाळून सोडून देतो. पीसींच्या पोर्टना एज पोर्ट (वाट न बघता लगेच खुला होणारा) म्हणून सेट केलं, म्हणजे सिस्कोवाले ज्याला पोर्टफास्ट म्हणतात ते, आणि लगेच मशीनं धडाधड उठायला लागली. स्पॅनिंग ट्री पूर्ण बंद केलेलं नाही, कारण लॅबमध्ये कुणी केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचला खोचली तर सगळं नेटवर्क झोपेल.

तरी दोन-तीन मशीनं हळूच येत होती. ईथटूल या कमांडमध्ये बघितलं तर स्पीड १०० मेगाबिट दाखवतोय, बाकीच्यांना १०००, म्हणजे गिगाबिट. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, म्हणजे एखादी तार क्रिंपमध्ये नीट बसली नसली तर लिंक लागते, लाईट लुकलुकते, सगळं ठीक वाटतं आणि मशीन मात्र १०० वरच चालतं. आरजे४५ (केबलच्या टोकाचे प्लग) कापून नवे मारले, काम झालं. नेटवर्क बूटमध्ये हे लगेच जाणवतं, एरवी वर्षानुवर्षं कुणाला कळत पण नाही.

लाईटचं काम आमच्या इलेक्ट्रिशियन दादांनी एका बैठकीत संपवलं. मी हिशोब मांडून दाखवला की पीसी अधिक मॉनिटर १२० वॅट धरला तर २४ चे २९०० च्या आसपास, म्हणजे २३० व्होल्टला साडेबारा अँपिअर, १६ च्या एमसीबीवर बसतंय. ते म्हणाले, "बसतंय खरं, पण लाईट जाऊन परत येती तवा सगळी एकदम उचलत्यात, एका लायनीवर नका टाकू." बरोबरच आहे, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) चालू होताना पहिला झटका कितीतरी जास्त घेतो. आता आठ-आठच्या तीन लाईनी केल्यात, अर्थिंग तपासलंय, आणि यूपीएस फक्त सर्व्हर, स्विच आणि वायफायला.

आता बोर्डाकडं येतो. आर्डुइनो आयडीई सोडून मायक्रोपायथन (बोर्डावर चालणारं छोटं पायथन) आणि थॉनी (ते लिहायचा एडिटर) घेतलंय, ४ जीबी रॅममध्ये अख्खी सिस्टिम चालवून वर ईएसपी३२ चं कंपाइल करायचं म्हणजे मशीनचा जीव जातो. मायक्रोपायथनला पीसीवर वेगळं कंपाइल करावं लागत नाही, ओळ लिहिली की बोर्ड लगेच उत्तर देतो, नवीन माणसाला यासारखी दुसरी गोष्ट नाही. शिवाय प्रोग्रॅम बोर्डाच्या फ्लॅशमध्ये सेव्ह होतो, लाईट गेली तरी जात नाही. मायक्रोपायथनचं फर्मवेअर आधीच सगळ्या बोर्डांवर चढवून ठेवलंय.

आपले बोर्ड सीएच३४० या यूएसबी-सिरीयल चिपवाले आहेत, तर उबंटू २२.०४ वर ते जोडले की सिरीयल पोर्ट क्षणभर दिसायचा आणि गायब. डीमेसेज (लिनक्सचा सिस्टिम लॉग) वाचल्यावर कळलं की बीआरएलटीटीवाय नावाची सर्व्हिस तो पोर्ट घेते. ती अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असते आणि त्यातल्या एका डिस्प्लेचा यूएसबी आयडी नेमका या चिपसारखाच आहे. ती सर्व्हिस इमेजमधनं एकदा काढली, युजरना डायलआउट ग्रुपमध्ये (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेला) टाकलं, इमेज परत बनवली आणि २४ च्या २४ मशीनवर प्रश्न मिटला. एकेक पीसी फिरत बसावं लागलं नाही, नेटवर्क बूटचा खरा फायदा इथं दिसतो. ब्रेल डिस्प्ले घेऊन कुणी येणार असेल तर आधी कळवा, त्यांच्यासाठी ती सर्व्हिस असलेली वेगळी इमेज ठेवू.

केबली पण सगळ्या तपासून घेतल्या, कारण मोबाईलच्या कित्येक केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. चाललेल्या केबलीला पिवळी टेप लावलीय, टेप नसलेली केबल टेबलावर ठेवायची नाही.

सेन्सर कपॅसिटिव्ह घेतलेत. दोन पट्ट्यांवरनं करंट सोडणारे स्वस्त सेन्सर ओल्या मातीत गंजतात, ते नकोच. हे आतनं गंजत नाहीत पण कापलेल्या कडेतनं पाणी पीसीबीत (सर्किट बोर्डात) शिरतं, म्हणून कडांना नेलपेंटचे दोन हात मारलेत. वायर जीपीआयओ ३४ या पिनला जोडायची, हे हँडआउटमध्ये ठळक टाकलंय, कारण ईएसपी३२ चे एडीसी-२ (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा दुसरा भाग) चे पिन वायफाय चालू असताना वापरता येत नाहीत आणि नवीन माणूस तिथं तासभर अडकतो. आकडा उलटा चालतो हे पण लिहिलंय, माती कोरडी तर आकडा मोठा, ओली झाली की खाली येतो. नदीकाठच्या रानातली काळी माती आणलीय, प्रत्येक टेबलावर तीन ग्लास, एक उन्हात पूर्ण वाळवलेली, एक वाफशाची, एक चिखल. वाफसा हाताला कसा लागतो ते शेतकऱ्याच्या पोराला बरोबर कळतं, तोच ग्लास धरून त्यानं स्वतः ठरवायचं की कुठल्या आकड्याला मोटर चालू करायची. मला या अख्ख्या लॅबमधली हीच जागा सगळ्यात जास्त आवडते.

बोर्डांचे आकडे मॉस्किटोवर (संदेश घेऊन पुढं पाठवणारा एमक्यूटीटी ब्रोकर) येतात, तो पण आपल्याच सर्व्हरवर. व्हर्जन २ पासून तो मुळात फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो, बाहेरच्यांसाठी लिसनर (पोर्ट १८८३) वेगळा द्यावा लागतो आणि बिनपासवर्डची परवानगी पण. दुसरं म्हणजे क्लायंट आयडी, मॉस्किटोला बोर्ड ओळखू यायचं नाव. सगळ्यांनी हँडआउटमधला एकच आयडी टाइप केला तर नवीन आलेला बोर्ड जुन्याला बाहेर काढतो, तो परत येतो आणि याला काढतो, आणि पडद्यावर नुसता गोंधळ. म्हणून आयडी बोर्डाच्या स्वतःच्या नंबरावरनं आपोआप बनतो.

राहिलंय ते वायफाय. ईएसपी३२ ला २.४ गिगाहर्ट्झच चालतं आणि त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. लॅबचं वायफाय फक्त बोर्डांसाठी ठेवणार, फोनवाल्यांना पासवर्ड द्यायचा नाही. कुणाकडं चांगला ॲक्सेस पॉइंट पडून असेल तर घेऊन या, दोन मिळाले तर लॅबची दोन टोकं वेगळ्या चॅनेलवर टाकता येतील.

रविवारी सकाळी १० ला फुल टेस्ट आहे, २४ च्या २४ खुर्च्या भरलेल्या पाहिजेत, पायथन कधीच न लिहिलेली भावंडं, शेजारपाजारची पोरं घेऊन या, त्यांची जास्त गरज आहे. मधेच एकदा मेन स्विच पाडणार आहे, न सांगता, सगळे परत कामाला लागायला किती वेळ लागतो ते बघायचंय.