पॅराबोला आणि आमचे सर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्या, असा समितीचा निरोप आला आणि डोळ्यांपुढे फक्त सर उभे राहिले. गॅदरिंग, सरस्वतीपूजन, कबड्डीचं मैदान यांवर बाकीची मंडळी लिहितीलच. मी गणिताच्या सरांवरच लिहिणार.

अकरावीत पॅराबोला, म्हणजे एका ठरावीक बिंदूपासून आणि एका ठरावीक रेषेपासून सारख्याच अंतरावर राहणारा वक्र, सुरू झाला तो भर पावसात. कौलांवरच्या आवाजात शिकवणं ऐकू येईना, म्हणून सरांनी सगळ्यांना फळ्याजवळ बोलावलं. व्हर्टेक्स, म्हणजे वक्राचं टोक, (२, ३); फोकस, म्हणजे तो ठरावीक बिंदू, (५, ३). "पयलीं चित्र काड, मागीर समीकरण," म्हणजे आधी चित्र, मग समीकरण, हे त्यांचं नेहमीचंच. दोन्ही बिंदू आडव्या रेषेत, म्हणजे अक्ष आडवा. फोकस उजवीकडे, म्हणजे तोंड उजवीकडे. मधलं अंतर ३; व्हर्टेक्सपासून तेवढंच मागे गेलं की डायरेक्ट्रिक्स, म्हणजे ती ठरावीक रेषा, क्ष = −१. अंतराची चौपट १२, म्हणून (य − ३)² = १२(क्ष − २).

एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. सरांनी फोकसवर चक्क खिळा ठोकला आणि डायरेक्ट्रिक्सवर पट्टी धरायला दोघांना उभं केलं. लाकडी गुण्याची एक बाजू पट्टीला टेकवली, दुसरी आडवी. आडव्या बाजूच्या लांबीएवढीच सुतळी घेतली. एक टोक त्या बाजूच्या टोकाला, दुसरं खिळ्याला. खडूने सुतळी गुण्याच्या कडेशी ताणून धरली आणि गुण्या हळूहळू वर सरकवला. खडूपासून खिळा जेवढा लांब, तेवढीच पट्टी लांब, आणि फळ्यावर वक्र आपोआप उमटत गेला! सरांचा सदरा खडूने पांढरा झाला होता.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, फोकस तिरका असला तर? अभ्यासक्रमात ते नव्हतं. सरांनी पुढचाही तास मागून घेतला. व्हर्टेक्स (०, ०), फोकस (१, १), म्हणून डायरेक्ट्रिक्स क्ष + य + २ = ०. पाठ केलेलं एकही सूत्र तिथे चालेना. दोन्ही अंतरं मांडली, वर्ग केले, आणि शेवटी (क्ष − य)² = ८(क्ष + य). इतकं सुबक उत्तर पाहून सर स्वतःच हरखले होते.

मी आज डिश अँटेनाच्या कामात आहे; डिशचा छेद म्हणजे पॅराबोलाच. व्यासाच्या वर्गाला खोलीच्या १६ पटीने भागलं की फोकस मिळतो, २.४ मीटर व्यास आणि ४० सेंटिमीटर खोली असेल, तर तळापासून ९० सेंटिमीटरवर. हे सरांच्याच समीकरणातून निघतं. नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास पसरलेल्या, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी काही पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा सोबतच्या लोकांना मी सरांबद्दलच सांगत सुटलो.

हल्ली भाचरं चार सूत्रांचा तक्ता पाठ करून परीक्षेला जातात. मार्क चांगले मिळतात, पण तक्त्यात न बसणारा फोकस दिला की पेन थांबतं, याचं फार वाईट वाटतं. समितीला विनंती आहे, नव्या इमारतीत गणितासाठी एक खोली ठेवा, भिंतभर फळा असलेली, आणि तिला सरांचं नाव द्या. फळ्याचा आणि लाकडी साहित्याचा खर्च मी देतो.