तिकडे खाता काय?

कुडाळला पोचून तासभर झाला नाही तोच हा प्रश्न येतो. काकू काळजीने विचारतात, शेजारचे दादा नुसते गंमत म्हणून विचारतात, आणि अकोल्याला सासरी गेलं की तोच प्रश्न जरा दयेने येतो. कारण माझा नवरा पक्का शाकाहारी, अंडंसुद्धा न खाणारा. ‘मलेशियात तुम्ही खाता तरी काय?’ मी खरं ते सांगते, ‘बाहेर खातो.’ त्यावर एक शांतता पसरते. एका आत्येसासूबाईंनी तर विचारलं होतं, ‘म्हणजे गॅसच नाही घेतला का गं?’

घेतलाय हो गॅस. क्वालालंपूरला खेटून असलेल्या पेटालिंग जायात आम्ही अकरा वर्षं राहतोय, कुकरच्या शिट्ट्याही होतात. पण ‘बाहेर जेवायला जाणं’ याला आपल्याकडे जो अर्थ आहे, तो इथे नाहीच. आपल्याकडे बाहेर जेवायचं म्हणजे वाढदिवस, निकाल, नाहीतर स्वयंपाकघरातलं भांडण. इथे बाहेर म्हणजे जिना उतरून कोपऱ्यावर, घरच्या चपला घालून. रविवारी सकाळी तर कुटुंबंच्या कुटुंबं खाली असतात, आजीसकट आणि ढाराढूर झोपलेल्या तान्ह्या बाळासकट.

आमच्या कोपऱ्यावर मामाक आहे. तमिळ मुसलमानांच्या खाणावळीला इथे मामाक म्हणतात. शब्द तमिळ ‘मामा’वरून आलाय, म्हणजे नात्यानेही आपलाच. बऱ्याचशा चोवीस तास उघड्या असतात. स्टीलची टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मोठा पडदा आणि त्यावर फुटबॉल. वाढणाऱ्याला हाक मारायची ती ‘अण्णे’ किंवा सरळ ‘बॉस’. तव्यापाशी उभा असलेला माणूस मैद्याचा तेलात मुरवलेला गोळा दोन हातांनी हवेत भिरकावून रुमालाएवढा पातळ करतो, घडी घालतो, तव्यावर टाकतो, आणि उतरवताना दोन्ही तळव्यांत धरून टाळी वाजवावी तसा चुरगाळतो. ही रोटी चनाय. दीड-दोन रिंगिटला एक, म्हणजे तीस-चाळीस रुपये. साधी हवी असेल तर ‘रोटी कोसोंग’ म्हणायचं. कोसोंग म्हणजे रिकामी. कांद्याची ती बावांग, अंड्याची तलूर. सोबत पातळ डाळ. नवऱ्याने अकरा वर्षांत एवढंच मलय भाषेत अस्खलित शिकून घेतलंय: ‘रोटी कोसोंग दुआ, दाल साजा.’ दोन साध्या रोट्या, फक्त डाळ. ‘साजा’ म्हणजे फक्त. तो शब्द विसरला तर डाळीवर प्रेमाने माशाच्या रश्शाची एक पळी येते. आमच्या कोपऱ्यावर पिठात अंडं घालत नाहीत, हेही त्याने पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं.

मग तेह तारिक, ओढलेला चहा. आटवलेलं गोड दूध घातलेला कडक चहा एका मगातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओतत राहायचा, फेस येईपर्यंत. आपल्या चहाच्या माणसाला हे भयंकर गोड लागतं, म्हणून ‘कुरांग मानिस’, गोड कमी, असं सांगायचं. मग तो फक्त गोड लागतो.

२०२४च्या डिसेंबरात युनेस्कोने मलेशियाची न्याहारीची संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली. त्यात नासी लमाक, रोटी चनाय आणि तेह तारिक अशी तिघांची नावं आहेत. ही बातमी मी अण्णेला सांगितली. तो म्हणाला, ‘ओके. अजून एक रोटी?’

नासी लमाकची मात्र आमच्या घरात एक जखम आहे. नारळाच्या दुधात पांदानचं सुवासिक पान टाकून शिजवलेला भात, भाजलेले किंवा तळलेले शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, उकडलेलं अंडं, इकान बिलिस म्हणजे कुरकुरीत तळलेल्या सुक्या बारीक मासळ्या, आणि सांबाल नावाची लालभडक चटणी. केळीच्या पानात बांधलेली त्रिकोणी पुडी. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला ऑफिसच्या वाटेवर एक मावशी सापडल्या. (इथे त्यांना ‘माकचिक’ म्हणतात.) खाणाखुणांनी त्याने अंडं आणि मासळ्या काढायला लावल्या आणि आठवडाभर रोज तोच नाश्ता केला. मला फोन करून सांगायचा, ‘अगं, ही चटणी म्हणजे आपल्या ठेच्याची सख्खी बहीण आहे.’ शुक्रवारी ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की सांबालात बलाचान असतं. बलाचान म्हणजे आंबवलेल्या बारक्या कोलंबीची वडी. मी मालवणी, मला पहिल्या घासातच कळलं असतं. तो वऱ्हाडातला, त्याला कसं कळावं? मावशींची काही चूक नव्हती, त्यांच्या लेखी ती चटणीच होती. नवरा त्या संध्याकाळी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘चव चांगली होती पण.’ त्यानंतर आजतागायत सांबालला हात लावलेला नाही.

म्हणून शाकाहारी मंडळींना मी आधी हेच सांगते की ‘सायुर’ या शब्दावर जाऊ नका. सायुर म्हणजे भाजी, शाकाहार नव्हे. भाजीत काय पडलंय ते वेगळं विचारावं लागतं.

आता इथल्या चिनी लोकांची बाजू. जुन्या चिनी चहा-कॉफीच्या दुकानाला कोपीतियाम म्हणतात. कोपी हा मलय शब्द, तियाम हा होक्कियन या चिनी बोलीतला, म्हणजे दुकान. त्याची व्यवस्था मला फार आवडते. दुकान एकाचं आणि त्यात गाड्या दहा जणांच्या. मालक स्वतः फक्त पेयं विकतो, आणि बाकीची जागा भाड्याने देतो. नूडल्सवाला वेगळा, भातवाला वेगळा, लक्सावाली (लक्सा म्हणजे रश्शातल्या नूडल्स) वेगळी. तुम्ही टेबल धरायचं, गाड्या फिरून यायचं, प्रत्येकाला टेबल दाखवायचं, आणि बसून राहायचं. ताटं आपापल्या वेळेला येतात, पैसे तिथेच द्यायचे. सगळ्यांचं एकदम येत नाही, त्यामुळे ‘आधी सगळ्यांना वाढू दे’ हा आपला नियम इथे मोडतो. आईला हे पटायला दोन वर्षं लागली. तिची नूडल्स निवून जायची, पण जावयाचं ताट येईस्तोवर ती काडी उचलायची नाही.

आणि तरीही मला वाटतं, एवढं वेगवेगळं खाणारं कुटुंब एका टेबलावर बसवायचं तर याहून सोपी युक्ती नाही. आमचंच बघा: नवरा शाकाहारी, मुलगी सर्वभक्षी, मी मासे खाणारी, आणि दर वर्षी तीन महिने येणारी आई. आई मासे खाते, पण सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि श्रावण सोडून. तिच्या पंचांगाप्रमाणे स्वयंपाक करायचा म्हणजे भिंतीवर तक्ता लावावा लागेल. कोपीतियाममध्ये आई आज काय आहे ते आठवते आणि त्याप्रमाणे गाडी बदलते. कुणाचं कुणावाचून अडत नाही.

फार गोड चित्र रंगवायला नको, म्हणून हेही सांगते. शेजारच्या मलय काक (काक म्हणजे ताई, आपल्याकडे कावळा, माझी मुलगी यावर अजून हसते) आमच्याबरोबर कोपीतियाममध्ये येत नाहीत. तिथे डुकराचं मांस शिजतं, त्यांना हलाल लागतं. समोरच्या घरातल्या चिनी आँटी मामाकमध्ये आनंदाने येतात. म्हणजे सगळ्यांनी मिळून जायचं तर मामाकच. ‘विविध धर्मांची माणसं एकाच ताटात जेवतात’ असं पर्यटनाच्या जाहिरातींतून वाटतं, तसं काही नाही. ताटं वेगळी असतात, कधी दुकानंही वेगळी असतात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही.

नवऱ्याची खरी सोय त्या चिनी आँटींनीच लावून दिली. चिनी बौद्धांमध्ये चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस न खाणारे पुष्कळ असतात, म्हणून शाकाहारी भाताची दुकानं वस्तीवस्तीत आहेत. दहा-पंधरा भाज्या मांडलेल्या असतात, ताट घेऊन आपणच वाढून घ्यायचं. शेवटी गल्ल्यावरची बाई ताटाकडे एक नजर टाकते आणि आकडा सांगते. कशावरून सांगते हे अकरा वर्षांत मला उलगडलेलं नाही. तेच ताट दुसऱ्या दिवशी पन्नास सेनने, म्हणजे अर्ध्या रिंगिटने, महाग असू शकतं. या दुकानांत जुन्या नियमाने चालणारे कांदा-लसूणही घालत नाहीत. अकोल्याच्या आत्येसासूबाई इथे आल्या तेव्हा चातुर्मास होता. मलेशियात आपल्याला बिनकांद्याचं जेवण मिळालं हे त्या अजून गावभर सांगतात.

आणि मग त्यांचं नवरात्र. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो. भक्त पांढरे कपडे घालतात, नऊ दिवस मांस-मासे बंद, आणि शाकाहारी खाण्याच्या गाड्यांवर पिवळी निशाणं लागतात. चांद्र महिने दोघांचेही अमावास्येला धरून सुरू होतात, त्यामुळे बहुतेक वर्षी हे नऊ दिवस आपल्या घटस्थापनेच्या आगेमागेच येतात. २०२३ आणि २०२४मध्ये तर त्याच दिवशी सुरू झाले. २०२५मध्ये त्यांच्याकडे अधिक महिना आला आणि त्यांचं नवरात्र आपल्या दिवाळीत गेलं. अधिक महिना म्हटल्यावर आईला त्या लोकांबद्दल एकदम विश्वास वाटू लागला.

२०२४ला नवरात्रात आई इथेच होती. पिवळ्या निशाणाच्या गाडीवर तिच्यापुढे सोयाबीनचा मासा आला. वर समुद्री शेवाळाचं काळं कातडं, आत पांढरा गर, कापही मधून तिरका. आई त्याच्याकडे बघत बसली. उपासाच्या दिवसांत तिला मासा खाल्ल्यासारखं वाटत होतं, आणि जावयाला मासा दिसतो म्हणून तो शिवतही नव्हता. शेवटी तो मुलीने खाल्ला.

सहलीचं विचारता तर आमची ठरलेली सहल मलाक्काची. गाडीने दोनेक तास, दीडशे किलोमीटरच्या आसपास. मलय माणूस ‘मलाका’ म्हणतो. लाल रंगाची डच इमारत बघायची, नदीकाठी फिरायचं, आणि दुपारच्या उन्हात चेंडोल खायचं. बर्फाचा कीस, नारळाचं दूध, पांदानच्या हिरव्या शेवया, राजम्यासारखे लाल दाणे आणि वरून काळसर पाक. तो पाक गुला मलाकाचा. माडाच्या फुलोऱ्यातला रस आटवून केलेला गूळ तो हाच.

आईचं माहेर मडगावचं. पहिल्यांदा तिने चेंडोलचा चमचा तोंडात घातला आणि थांबली. ‘माडाचा गूळ,’ म्हणाली. मग जोंकर स्ट्रीटच्या एका दुकानात काळ्या चकचकीत वड्या दिसल्या. पाटीवर लिहिलं होतं, दोदोल. तिने एक तुकडा घेतला आणि भर दुकानात ओरडली, ‘अगो, ह्यां आपलांच दोदोल गो!’ नाताळात शेजारणीकडून यायचं तेच: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, काळा गूळ, आणि तासन् तास घोटणं. इथे चिकट तांदळाचं पीठ घेतात आणि ईदला करतात. नावही तेच. दुकानदारीण बाई घाबरून पाणी घेऊन आली, तिला वाटलं घशात अडकलं.

त्याच दिवशी आम्ही सेंट पॉलच्या टेकडीवर चढलो. वर छप्पर उडालेलं जुनं चर्च आहे, आत जमिनीत जाळीने झाकलेला एक रिकामा खड्डा. गोंयच्या सायबाचा, फ्रान्सिस झेवियरचा देह १५५३मध्ये गोव्याला नेण्याआधी काही महिने इथे पुरलेला होता. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा घेतला १५१०ला आणि मलाक्का १५११ला, त्यामुळे जहाजं या दोन बंदरांत जात-येत राहिली. आई हिंदू, पण मडगावची. तिने जाळीपाशी पर्समधला दोदोलचा पुडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि नमस्कार केला. मग खाली उतरताना म्हणाली, ‘गूळ कोणी कोणाकडून घेतला असेल गो?’ मला उत्तर देता आलं नाही. ती तेवढ्यात पुढच्या दुकानात शिरली होती.

कॅफेंबद्दलही विचारतात लोक, मुख्यतः भाच्या. आहेत. जुन्या चिनी दुकानांच्या चाळींत, उघड्या विटांच्या भिंती आणि पिवळे दिवे लावून. कोपीतियाममध्ये अडीच-तीन रिंगिटला मिळणारी कॉफी तिथे चौदाला मिळते. मुलगी मैत्रिणींबरोबर जाते. मी एकदा गेले, खुर्चीला पाठ नव्हती.

गुरुवारी आमच्या भागात पासार मालाम भरतो, रात्रीचा बाजार. आठवड्याचा प्रत्येक वार वेगळ्या वस्तीचा, आपल्या आठवडी बाजारासारखाच. तिथे दाण्याचं कूट आणि साखर भरलेला गरम आपाम बालिक, म्हणजे एक गोड घावन, घ्यायचा आणि चालता चालता संपवायचा. आईचा गुरुवार असतो, पण आपाम बालिक कशातच मोडत नाही, असं तिने ठरवलंय.

तर तुम्ही विचारलंत म्हणून एवढं सांगितलं. आता दुसरा प्रश्न, येताना काय आणू? थेपले, चकल्या, पोहे यांनी बॅगा भरू नका. पोहे क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्स भागातल्या भारतीय दुकानांत मिळतात, डाळी मिळतात, कढीपत्ता तर दारात आहे. माशाच्या आमटीला मी आसम कपिंग वापरते. ते एका फळाचे सुकवलेले काप असतात, कोकमाच्याच जातकुळीचे, आणि आंबटपणा अगदी बरोबर येतो. पण ते फिकट तपकिरी. त्याची सोलकढी केली तर पांढरीच राहते, आणि पांढरी सोलकढी आई पीत नाही. तेव्हा कोकम आणा. किलोभर आणा.