उलटा बसवलेला दगड

जुन्या इमारतींच्या संवर्धनाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना भिंतींची मोजणी व रेखाटन शिकवणे हे माझे काम आहे. त्यासाठी जूनमध्ये आम्ही इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील एस्कम गावच्या चर्चची उत्तरेकडची भिंत दगडागणिक कागदावर उतरवत होतो. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे चर्च म्हणजे एक उंच, अरुंद दालन, त्यापुढे वेदीचा लहानसा चौकोनी भाग आणि दोहोंच्या मध्ये उंच कमान. उत्तरेच्या मूळ खिडक्यांच्या माथ्यावर सपाट दगड आहे, तर दक्षिणेकडच्यांना गोल माथे आहेत. आतल्या बाजूला त्या रुंदावत नेल्यामुळे लहानशा झरोक्यातला उजेड दालनात पसरतो.

दुपारपर्यंत ती भिंत सावलीत होती आणि सगळे दगड सारखेच वाटत होते. त्या अक्षांशावर जूनमधला सूर्य वायव्येला मावळतो, त्यामुळे संध्याकाळी तिरपे ऊन भिंतीला घासून जाऊ लागले आणि टाकीचे घाव उठून दिसले. कित्येक दगडांवर शंकरपाळ्यांसारखी तिरकी जाळी होती, आणि ती रोमन पाथरवटाची खूण आहे. एका दगडावर तर रोमन सैन्याच्या सहाव्या लिजनचे, म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकडीचे, संक्षिप्त नाव कोरलेले आहे, तेही उलटे! हे दगड जवळच्या बिंचेस्टर इथल्या, ओस पडलेल्या रोमन किल्ल्यातून आणलेले आहेत. सहावी लिजन इ.स. १२२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये आली. म्हणजे एका दगडाला आकार देणारा पाथरवट आणि त्याला भिंतीत बसवणारा गवंडी यांच्यात काही शतकांचे अंतर आहे. पडलेल्या हेमाडपंती देवळांचे घडीव दगड आपल्याकडेही नंतरच्या बांधकामांत सापडतात, तरी अक्षरांसकट असा पुरावा समोर आला की मी आजही थबकते.

एका विद्यार्थ्याने टिपणात लिहिले, ‘गवंडी निरक्षर होता.’ मी त्याला ते खोडायला सांगितले. दगड ज्या बाजूवर नीट टेकला त्या बाजूवर त्याने तो बसवला, एवढेच भिंत सांगते. हा माणूस आपल्या कामात कच्चा नव्हता: कमानीच्या दोन्ही बाजूंना त्याने लांबट दगड आळीपाळीने उभे आणि आडवे रचले आहेत, आणि आडवे दगड भिंतीत खोल गेल्यामुळे उभ्या दगडांना पकड मिळते. १८६३ मध्ये गावात नवे चर्च झाल्यावर ही वास्तू दुर्लक्षित राहिली आणि तिचे छप्पर गेले; १८७५ ते १८८० या काळात दुरुस्ती होईपर्यंत भिंती टिकल्या त्या अशाच बांधणीमुळे, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर आम्ही नोंदीच्या तक्त्यात प्रत्येक दगडापुढे दोन रकाने केले, एक घडणीचा आणि एक रचनेचा. ऊन असेपर्यंत जाळीचे दगड नोंदवून घेतले आणि उरलेली भिंत दुसऱ्या दिवसावर ठेवली.