राखेच्या बुधवारी वॉर्डात

राखेचा बुधवार म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस; त्या दिवशी कपाळावर राख लावतात. त्याचं खरं काम आदल्या दिवशीच असतं. 2025 साली तो 5 मार्चला आला. मंगळवारी दुपारी चर्चच्या मागे घमेल्यात गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या पेटवल्या. धुळ्यात झावळ्या म्हणजे शिंदीची पानं. आधी फिती, दोरे, प्लॅस्टिक काढायचं, नाहीतर राख चिकट होते. पेट घेतला की झाकण ठेवायचं; हवा कमी मिळाली की राख काळी राहते. उघड्यावर जाळली तर पांढुरकी होते आणि कपाळावर दिसत नाही. मग खलबत्ता, मग मलमल. टोपलीभर पानांची जेमतेम वाटी भरते, पण तेवढी पुरून उरते.

पाणी मात्र घालायचं नाही. राखेत क्षार असतो, ओली झाली की कातडी भाजते. आमच्याकडे एकदा लोक लाल कपाळं घेऊन घरी गेले होते. चिमटीभर राखेला खोबरेलाचे दोन थेंब बास.

बुधवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, आटोपून फादरांबरोबर दवाखान्यात गेलो. ऑक्सिजन लावलेल्यांसाठी वेगळी कोरडी राख, कारण ऑक्सिजनजवळ तेल धोक्याचं. अंगठा वाटीच्या काठावर झटकूनच लावायची, डोळ्यांत पडते.

शेवटच्या खाटेवरच्या आजी घामाने चिंब, हात थरथरत होते. इन्सुलिन घेतलं होतं, उपवास म्हणून पोटात काही नाही! सिस्टरला हाक मारली, साखरपाणी दिलं, मग बिस्किटं. उपवासाचा नियम 18 ते 59 वयाच्या धडधाकट माणसांना, हे फादरांनी पुन्हा समजावलं. दरवर्षी सांगावं लागतं.

राख लावताना म्हणायची दोन वाक्यं आहेत. आजारी माणसाजवळ फादर ‘तू माती आहेस’ टाळतात, ‘पश्चात्ताप कर आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेव’ म्हणतात. आजींनी त्यांचा हात धरला. “मातीनंच म्हना, फादर. माटीनं भेव नही माले. माटीमाच पेरतस ना आपण? देव उगाडस.”

फादर क्षणभर थांबले, मग तेच म्हणाले.

ईस्टर कधी, आजींनी विचारलं. मी गोळ्यांच्या पाकिटावर ‘20 एप्रिल’ लिहून दिलं. त्यांनी बोटांवर मोजलं: चाळीस कुठे, सेहेचाळीस होतात. सहा रविवार धरत नाहीत, मी म्हटलं.

“मंग ऐतवारले च्या पिसू मी.”

“रोज प्या,” फादर म्हणाले.