जागलीवरच्या माणसाला किती डास चावतात?

प्राणीशास्त्रात एमएस्सी झाल्यावर मी एका संशोधन प्रकल्पात लागले आणि पावसाळा सरता सरता भामरागड तालुक्यातल्या एका माडिया गावात जाऊन राहिले. राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा दरवर्षी मोठा असतो. त्यातही फॅल्सिपेरम या जंतूचा हिवताप जास्त, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा. फवारणी होते, औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या जातात, तरी ताप हटत नाही. माणसाला डास नक्की कुठे आणि किती वाजता चावतात, हे मोजायचं काम आमच्याकडे होतं.

सुरुवात पहाटेच्या फेरीने. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात डास ओढायची नळी. पुढे काच, मागे रबर, मध्ये बारीक जाळी, म्हणजे श्वास ओढला की डास काचेतच अडकतो. रात्री रक्त पिऊन जड झालेले डास भिंतीवर, दोरीवरच्या कपड्यांमागे, कणगीच्या आडोशाला बसलेले असतात. क्युलेक्स जातीचा डास भिंतीला समांतर बसतो, हिवताप पसरवणारा ॲनाफिलीस मागची बाजू उचलून तिरका. एका माणसाने तासाभरात किती पकडले, हा आकडा वहीत जातो. हिवतापाचं काम करणारे लोक वर्षानुवर्षं हाच आकडा लिहीत आले आहेत.

पण भिंतीवर बसलेला डास कोणाला चावून आला, ते या आकड्यात नसतं. इथला ॲनाफिलीस क्युलिसिफेसीस मुख्यतः गुरांवर जगतो. कोठ्यात तो ढिगाने सापडला, तरी माणसाच्या वाट्याला त्यातले थोडेच येतात. ओढ्याच्या संथ, स्वच्छ पाण्यात वाढणारा दुसरा ॲनाफिलीस, फ्लुव्हिएटिलिस, संख्येने कमी असतो, पण त्याचा एक उपप्रकार माणसाच्याच रक्तावर टपलेला असतो, आणि हे उपप्रकार नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. म्हणून पोट भरलेला प्रत्येक डास गाळणकागदावर चिरडायचा, डाग वाळवायचा, शेजारी घर आणि तारीख लिहायची. रक्त गाईचं की माणसाचं, ते प्रयोगशाळेत कळतं.

चावे मोजायची सगळ्यांत सरळ पद्धत म्हणजे पाय उघडे टाकून रात्रभर बसायचं आणि अंगावर उतरणारा डास चावायच्या आत पकडायचा. फॅल्सिपेरमच्या गावात कोणाला असं बसवणं मला पटत नाही, आणि आमच्या नैतिकता समितीनेही ते मान्य केलं नाही. त्याऐवजी मच्छरदाणीत झोपलेल्या माणसाच्या पायथ्याशी बॅटरीवर चालणारा प्रकाश सापळा टांगायचा. माणसाच्या वासाने डास येतो, मच्छरदाणी त्याला अडवते आणि सापळ्याचा पंखा आत ओढतो. दर तासाला पिशवी बदलायची. सकाळी त्यातल्या माद्यांची लाळग्रंथी सुईने सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे जंतू शोधायचे. माणसामागे रोज किती डास आणि त्यातला किती हिस्सा जंतू बाळगणारा, यांचा गुणाकार केला की त्या माणसाला चावणारे जंतूवाले डास निघतात. ऐकायला सोपं वाटतं, पण ग्रंथींमागून ग्रंथी बघितल्या तरी एखादीतच जंतू दिसतात. मानेला रग लागते आणि तरीही पुढची काच घ्यावी लागते, कारण कमी ग्रंथींवर काढलेला आकडा बिनकामाचा.

या सगळ्या मोजणीला वळण मिळालं ते एका घरातल्या बोलण्यातून. आशाताई माडियातून विचारून मला मराठीत सांगत होत्या. मी म्हटलं, "दादांना विचारा, रात्री कुठे झोपता?" दादांनी उलट मलाच विचारलं, "धान पिकल्यावर घरात कोण झोपतं? रानडुकरं बांधी साफ करून जातील." सापळा त्यांच्या घरात टांगलेला होता आणि ते स्वतः दिवस मावळायच्या आत जागलीला, शेतातल्या मचाणावर. तिथे भिंत नाही, म्हणजे फवारणी नाही. मच्छरदाणीही नाही. अंगावर चादर आणि खाली शेकोटी.

त्यानंतर आम्ही प्रश्नावलीच बदलली. डासांच्या तासांसोबत माणसांचे तास लिहायला लागलो: अंगणात किती वाजेपर्यंत, आत कधी, मच्छरदाणीत कधी, जागलीला कोण, मोहाच्या दिवसांत अंधारातच फुलं वेचायला कोण निघतं, गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, पोरं किती उशिरापर्यंत. एक सापळा मचाणावरही नेला. दोन्ही रकाने शेजारी ठेवले तेव्हा बाप्या माणसांचे आणि तरुण पोरांचे कितीतरी तास उघड्यावर गेलेले दिसले, नेमके डास चावायला येतात त्या वेळेचे. घरातली मोजणी कितीही काटेकोर केली असती तरी हे निघालं नसतं. डासांची मोजणी आणि माणसांची दिनचर्या वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या वह्यांत लिहिणं थांबलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

आता पुढची पायरी बोटाच्या टोकावरच्या थेंबाची आहे. चावताना डास लाळ सोडतो आणि त्या लाळेतल्या प्रथिनांविरुद्ध आपलं शरीर प्रतिपिंडं तयार करतं. ती जितकी जास्त, तितके अलीकडचे चावे जास्त. आफ्रिकेत ॲनाफिलीस गॅम्बीच्या लाळेतल्या एका प्रथिनावर सेनेगलपासून बरंच काम झालं आहे. अंगोलात मच्छरदाण्या वाटल्यावर ही प्रतिपिंडं काही आठवड्यांत उतरलेली दिसली. बिहारमध्ये काळा आजार पसरवणाऱ्या वालुमाशीच्या लाळेवरही असाच अभ्यास झाला. गॅम्बी आपल्याकडे नाही, त्यामुळे क्युलिसिफेसीस आणि फ्लुव्हिएटिलिसच्या लाळेशी ही चाचणी आधी ताडून पाहावी लागेल. पण जमली, तर मचाणावर रात्र काढणाऱ्या माणसाच्या मागे सापळा घेऊन फिरायला नको. त्याचे चावे त्याच्याच रक्तात लिहिलेले असतील.

अहवालात आम्ही एका माणसाची, मचाणाला टांगता येईल अशी औषधाची मच्छरदाणी मागितली आहे. पुढच्या धानाच्या हंगामात जागलीला जाणाऱ्यांचे आणि घरी झोपणाऱ्यांचे थेंब गाळणकागदावर घ्यायचे आहेत, मच्छरदाणी देण्याआधी एकदा आणि दिल्यावर पुन्हा. संमतीपत्र माडियात नीट समजावून सांगता यावं म्हणून आशाताई आतापासूनच घरोघरी बोलत आहेत.