रुमाल सोडल्यानंतर

3 डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन आमच्या शाळेत अनेक वर्षे एकाच पद्धतीने साजरा होत असे. परिपाठात भाषण व्हायचे, मग मुलांच्या डोळ्यांना रुमाल बांधून त्यांना बाकांमधून दारापर्यंत चालवायचे आणि शेवटी ‘कसे वाटले?’ असे विचारायचे. ‘बिचारे कसे जगत असतील!’ हे ठरलेले उत्तर ऐकून मीही समाधानाने मान डोलावत असे. पहिल्या बाकावर बसणाऱ्या अल्पदृष्टी विद्यार्थ्यासमोरच आपण हा शब्द उच्चारू देतो आहोत, हे ध्यानात यायला मला दोन वर्षे लागली, याची आजही लाज वाटते.

रुमाल बांधलेल्या मुलाला पाच मिनिटांत अनुभवता येते ते केवळ चाचपडणे. पांढरी काठी सरावाने कशी चालते, पावलांच्या आवाजावरून माणूस कसा ओळखला जातो, यातले त्याला काहीच कळत नाही.

आता मी अंड्यांच्या ट्रेचे सहा-सहा खळग्यांचे तुकडे कापून आणते आणि चिंचोके वाटते. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन आणि उजवीकडे चार, पाच, सहा, एवढे सांगितले की मुले ब्रेलमध्ये, म्हणजे बोटांनी वाचायच्या सहा ठिपक्यांच्या लिपीत, ‘कमल’ लिहू लागतात: ‘क’साठी पहिला आणि तिसरा खळगा, ‘म’साठी त्यांच्या जोडीला चौथा, ‘ल’साठी पहिले तिन्ही. मग डोळे मिटून, बोटांनी, शेजाऱ्याचा शब्द वाचायचा. गेल्या वर्षी माझा एक चिंचोका चौथ्याऐवजी पाचव्या खळग्यात पडला, तेव्हा फिरत्या विशेष शिक्षकांकडून ब्रेल शिकत असलेला तोच पहिल्या बाकावरचा विद्यार्थी म्हणाला, “बाई, हा ‘म’ नाही, ‘ओ’ झाला.”

सातवीच्या गणिताच्या तासाला आम्ही गुणोत्तर शिकताना चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेला शाळेचा उतार (रॅम्प) मोजतो. उंचीच्या बारापट लांबी, म्हणजे एकास बारा या प्रमाणानुसार 45 सेंटिमीटर उंचीच्या ओट्याला 5.4 मीटर लांबीचा उतार हवा. आमचा जेमतेम 3 मीटर भरला. (उद्घाटनाची कोनशिला मात्र प्रशस्त आहे.)

दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016च्या कायद्यातील दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांच्या यादीत सिकलसेल हा थकवा आणि वेदना देणारा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, हे सांगितल्यावर वर्ग थोडा वेळ गप्प झाला. कवायतीच्या वेळी सावलीत बसणाऱ्या मुलीला ‘नाटकी’ म्हणणारे त्यांच्यातलेच होते; आणि तिला मैदानात चल म्हणून दोनदा ओरडणारी मी होते.