राजापूर नावाचा एक मतदारसंघ होता

माझं पहिलं मत २००४ चं. गावच्या मराठी शाळेत चौथीच्या वर्गात मशीन ठेवलेलं आणि मुलांची बाकं सगळी पडवीत काढून एकावर एक रचलेली. पुढच्या लोकसभेला गेलो तर मतदारसंघ रत्नागिरी-सिंधुदुर्ग. मधे २००८ ला पुनर्रचना झाली आणि राजापूर गेलं, म्हणजे मी तिथे आयुष्यात एकदाच मत दिलं आणि मतदारसंघच संपला. माझा पायगुण असेल.

तसं राजापूरशी आमचा संबंध काय, आम्ही मालवणकडचे, मुंबईची एसटी तिथे थांबायची आणि बाबा खाली उतरून चहा प्यायचे एवढाच. १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, राजापूर गाव रत्नागिरीतच राहिलं, तरी आमच्या खासदाराला नाव मात्र राजापूरचंच. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना राजापूर म्हटलं की तिथली अधूनमधून प्रकटणारी गंगा आठवायची नाही, नाथ पै आठवायचे.

नाथ पै मूळचे वेंगुर्ल्याचे, इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झालेले, प्रजासमाजवादी पक्षातून १९५७, ६२ आणि ६७ असे तीनदा इथून निवडून गेले. गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने संसदेला मूलभूत हक्कांना हात लावायला मनाई केली, त्यानंतर घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक मांडलं होतं. आमच्या आजोबांना त्यातलं किती कळलं असेल देव जाणे, पण सभा असली की कंदील घेऊन डोंगर उतरून जायचे आणि मध्यरात्री परत. जानेवारी १९७१ मध्ये बेळगावला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांसाठी सभा होती, तिथे नाथ पैंनी भाषण केलं आणि त्यानंतर काही तासांतच गेले, वय फक्त ४८.

लोकसभा आधीच बरखास्त झालेली, मार्चमध्ये निवडणूक, आणि उमेदवार कोण तर मधु दंडवते. जन्म नगरचा, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजला फिजिक्स शिकवणारे. आज असा माणूस कोकणात उभा केला तर पहिला प्रश्न येईल, हा कुणाचा कोण. त्या वर्षी इंदिराबाईंची एवढी लाट की प्रजासमाजवाद्यांच्या देशभरात फक्त दोन जागा आल्या आणि त्यातली एक राजापूर! ८४ च्या सहानुभूतीच्या लाटेतही दंडवते टिकले. सलग पाच वेळा. मनीऑर्डरवर चालणारा हा भाग, घरटी एक माणूस मुंबईत गिरणीत नाहीतर पोर्टात, मतं मात्र आपली सत्तेबाहेरच्या प्राध्यापकाला.

याचं फार कौतुक पण नको हां. बाबा चिडून म्हणायचे की भाषणं ऐकून पोट भरत असतं तर कोकणातली सगळी माणसं धष्टपुष्ट झाली असती, आणि ते काही अगदीच खोटं नाही, रस्ता पाणी वीज सगळंच आमच्याकडे उशिरा आलं.

पण दंडवते सत्तेत आले तेव्हा करून दाखवलं. ७७ ला जनता सरकारात रेल्वेमंत्री झाले आणि सेकंड क्लास स्लीपरच्या लाकडी फळ्यांवर फोम आला, ७४ च्या रेल्वे संपात काढून टाकलेले कामगार परत घेतले. मग ८९ ला व्ही.पी. सिंगांकडे अर्थमंत्री, तिकडे रेल्वेला जॉर्ज फर्नांडिस, आणि १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन उभी राहिली. जे काम पिढ्यान्पिढ्या नुसतं ऐकत होतो ते खरंच सुरू झालं.

आणि ९१ ला आम्ही त्यांना पाडलं. काँग्रेसचे ब्रिगेडियर सुधीर सावंत निवडून आले. त्याला कारणं दहा सांगतात लोक, मला त्यातलं एकही पटत नाही. ९८ ला गाडी पूर्ण मार्गावर धावायला लागली, आजी पहिल्यांदा कुडाळहून मुंबईला आली तेव्हा बोगद्यामागून बोगदे बघून आधी घाबरली, मग बर्थवर हात फिरवत म्हणाली, "आमीच पाडलंव तेंका." बस, मग दादर येईपर्यंत त्यावर एक शब्द नाही.

९६ पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू, चार्टर्ड अकाउंटंट माणूस, सलग चार वेळा. वाजपेयींच्या काळात ऊर्जामंत्री होते तेव्हा त्यांच्या कामाचं नाव झालं. पण २००९ ला नव्या मतदारसंघात नीलेश राणेंकडून हरले, आणि २०१४ ला रेल्वेमंत्री झाले ते भाजपमधून राज्यसभेवर जाऊन. म्हणजे राजापूरने दोन रेल्वेमंत्री दिले खरे, पण दुसरा झाला तोवर राजापूरच नकाशावर नव्हतं.

त्याच फेररचनेत विधानसभेचे मालवण, वेंगुर्ला, देवगड पण गेले, कुडाळ आणि कणकवली आले. बाबांना अजून पाठ नाहीत. खासदार कुणीही असो, पेपरात फोटो आला की म्हणतात, "हो बघ, राजापूरचो."